राहते घर बंद करताना : निसर्ग चक्रीवादळानंतरचे मुळशीतील एक प्रकरण

3 जून 2020 रोजी, बुधवारी दुपारी, निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले आणि ईशान्येकडे सरकत पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील तालुक्यांना झोडपून गेले. किनाऱ्यावर वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता आणि झोत 130 पर्यंत जात होते. सह्याद्री ओलांडताना त्याचा जोर ओसरला, तरी मुळशी, मावळ, वेल्हे या भागांतील कौलारू घरांना तेवढाही पुष्कळ होता. त्या आठवड्यात मी मुळशी तालुक्यात, ताम्हिणीच्या बाजूला, एका घराची फुटलेली खिडक्या-दारे तात्पुरती बंद करून दिली. पुण्यात लहानमोठी दुरुस्तीची कामे करणे हा माझा व्यवसाय आहे आणि दुकानाची फुटलेली काच किंवा चोरीनंतर तुटलेले दार रातोरात बंद करण्याची सवय मला होती. मात्र शहरात रिकाम्या जागा बंद करण्याची जी रीत हाताला बसली होती ती राहत्या घराला जशीच्या तशी लावल्याने माझ्याकडून दोन चुका झाल्या. त्यांतली एक घरातल्या आत्यांनी वेळीच पकडली, दुसरी पकडायला मला सहा दिवस लागले. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवत आहे.

घर जुने, पूर्वाभिमुख. भिंती दगडाच्या, मातीच्या सांध्याच्या, दीड फूट जाड. वर मंगलोरी कौले, आढे उत्तर-दक्षिण, त्यामुळे दोन्ही त्रिकोणी भिंती दक्षिणेला आणि उत्तरेला. चौकटी सागवानी आणि खिडक्यांना उभे लोखंडी गज. घरात सत्तरी ओलांडलेल्या आत्या एकट्या राहतात. त्यांचा भाचा कोथरूडला असतो आणि त्याच्याच ओळखीने मी या कामात आलो. वादळाच्या दिवशी गावाची वीज गेली, मोबाइलची रेंजही गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातला एक मुलगा मोटारसायकलने पौडच्या दिशेने रेंज मिळेपर्यंत आला, तेव्हा कुठे भाच्याला फोन लागला.

नुकसान पाहताना सर्वांत आधी दिशा लक्षात आली. मुळशीत पावसाची झड पश्चिमेकडून येते, हे तिथल्या लहान मुलालाही ठाऊक असते. म्हणून दरवर्षी पश्चिमेच्या भिंतीला कारवीचा किंवा पेंढ्याचा आडोसा बांधतात, अलीकडे निळे प्लास्टिक लावतात. आत्यांनीही मे अखेरीस तसा आडोसा बांधून घेतला होता. हे वादळ मात्र वायव्येच्या बाजूने पुढे सरकत गेल्यामुळे वारा आधी आग्नेयेकडून आणि मग दक्षिणेकडून आला, म्हणजे ज्या अंगाला कधी पाऊस लागत नाही त्या अंगाने. दक्षिणेच्या भिंतीत स्वयंपाकघराची खिडकी, कोठीच्या खोलीची खिडकी आणि वर माळ्याचा लहान झरोका होता. स्वयंपाकघराच्या खिडकीची लाकडी झडप नुसत्या खिटीवर बंद होती. खिटी मोडली, झडप आत आपटून बिजागऱ्यांसकट निघाली आणि त्या खोलीवरची चाळीसपन्नास कौले उडाली. कोठीच्या खिडकीच्या काचा फुटल्या. पश्चिमेच्या मागच्या दाराचे नुकसान वाऱ्याने केले नव्हते. वारा फिरल्यावर आंब्याची फांदी त्यावर पडली, फळ्या फाटल्या आणि वरची बिजागरी चौकटीतून उपटली गेली.

कौले नेमकी स्वयंपाकघरावरचीच का उडाली, असे भाच्याने विचारले. खिडकी बंद करणे आणि छप्पर टिकणे यांचा संबंध सहसा कोणी जोडत नाही, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. इमारतींवर वाऱ्याचा भार किती धरावा हे सांगणाऱ्या भारतीय मानक 875 च्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरला आहे. त्या वेगाचा वर्ग करून 0.6 ने गुणले की दर चौरस मीटरला सुमारे 912 न्यूटन, म्हणजे साधारण 93 किलो भार येतो. तीन बाय चार फुटांची खिडकी सुमारे 1.1 चौरस मीटरची असते. म्हणजे ढोबळ हिशेब असा की शंभर किलोच्या माणसाने झडपेला पाठ लावून रेटावे आणि त्याला अडवायला बोटाएवढी लाकडी खिटी असावी. वाऱ्याच्या तोंडाची झडप एकदा गेली की आत शिरलेला वारा छपराला खालून उचलतो, वरून जाणारा वारा त्याच वेळी वर ओढतो, आणि मंगलोरी कौल तर रिपेवर केवळ स्वतःच्या वजनाने बसलेले असते.

याचा पुरावा आम्हाला पोहोचल्या पोहोचल्या दिसला. शेजाऱ्यांनी आदल्या संध्याकाळीच उघड्या छपरावर ताडपत्री टाकून ती दगड आणि सुतळीने बांधली होती, आणि काम चोख केले होते. तरी वाऱ्याची झुळूक आली की ती ताडपत्री आतून पोळीसारखी फुगत होती, कारण खालची खिडकी उघडीच होती.

चार तारखेला दुपारी आम्ही निघालो. टाळेबंदीची बंधने नुकतीच सैल होऊ लागली होती आणि चांदणी चौकातील नाकाबंदीवर कामाचे कारण सांगावे लागले. हवे ते दुकान उघडे मिळेल याचा भरवसा नव्हता, म्हणून माझ्याच एका बंद पडलेल्या कामावरचे सेंट्रिंगचे, म्हणजे काँक्रीटच्या साच्याचे, प्लाय पिकअपमध्ये भरले : 12 मिलिमीटर जाडीचे, दोन्ही अंगांना चकचकीत थर असलेले, आठ बाय चारचे चार ताव. लाकडी पट्ट्या दोन बाय तीन इंची घेतल्या. दहा मिलिमीटरचे आटे पाडलेले रॉड, नट आणि मोठ्या चकत्या घरच्या सामानात होत्या. माळ्याच्या झरोक्यासाठी साध्या कमर्शियल प्लायचा एक तुकडा पिरंगुटला मिळाला. पौडहून सुतार नाना सोबत आले. पुढे रस्त्यावर पडलेली झाडे गावकरी कुऱ्हाडींनी तोडत होते, त्यामुळे पोहोचायला संध्याकाळचे साडेचार वाजले. वीज नव्हती, म्हणजे कटर चालणार नव्हता. चार्जिंगचे एक ड्रिल आणि दोन बॅटऱ्या एवढेच यंत्रबळ, बाकी सगळे हातकरवत आणि पटाशी.

शहरात अशा वेळी दोनच पद्धती वापरतात : प्लाय थेट चौकटीवर खिळ्यांनी ठोकणे, नाहीतर भिंतीत अँकर फास्टनर मारून त्यावर आवळणे. खिळ्यांना नानांनी सरळ नकार दिला. ऐंशी-नव्वद वर्षांचे सागवान टणक आणि कोरडे झालेले असते. त्यात कडेला चार इंची खिळा ठोकला तर चौकट उभी चिरते, आणि उद्या नवी झडप बसवायला बिजागरीची जागाच उरत नाही. फास्टनरचा मी एक प्रयोग करून पाहिला. भोक सहज पडले, इतके सहज की तिथेच समजायला हवे होते. बोल्ट आवळू लागताच दगडांमधली माती भुरभुर गळू लागली, आणि हाताने ओढताच फास्टनर दाढेतून दात यावा तसा बाहेर आला. फास्टनर फुगून भोकाच्या कडांवर दाब देतो आणि त्या दाबावरच धरतो. मातीच्या सांध्यात दाब घ्यायला कडाच नसतात.

उपाय खिडकीतच होता. गज उभे होते आणि दोन गजांमध्ये साडेतीन इंचांचे अंतर होते. बाहेरून प्लाय, आतून चौकटीवर आडव्या टेकणाऱ्या दोन लाकडी पट्ट्या, आणि प्लायमधून गजांच्या मधून पट्टीपर्यंत जाणारे चार रॉड. आतून नट आवळला की प्लाय आणि पट्टी मिळून चौकटीला चिमट्यात धरतात. चौकटीला एकही भोक पडत नाही, भिंतीवर काही भार येत नाही, आणि वारा बाहेरून रेटो की आतून, दोन्हीकडे जोर चौकटीवरच जातो. चौकट चार इंच, पट्टी दोन इंच, प्लाय अर्धा इंच आणि दोन्ही टोकांना नटांची जागा, असा हिशेब करून आठ इंचांचे तुकडे लागत होते. एका मीटरच्या रॉडमध्ये ते चार निघतात.

रॉड कापण्याची एक बारीकशी गोष्ट इथे नोंदवतो, कारण अंधारात ती विसरली की अर्धा तास जातो. हॅक्सॉने कापलेल्या टोकाचे आटे चेपतात आणि मग त्यावर नट चढत नाही. नाना कापण्याआधीच खुणेच्या मागे एक नट चढवून ठेवत, कापून झाल्यावर कानशीचे दोन हात मारत आणि मग तो नट त्या टोकावरून फिरवत बाहेर काढत. बाहेर येताना नटच आटे सरळ करतो. बाहेरच्या टोकाला नट बसवल्यावर रॉडचे तोंड हातोडीने चेपून टाकले, म्हणजे बाहेरून पान्याने कोणी नट उघडू शकणार नाही. आतला नट मात्र मोकळा ठेवला.

स्वयंपाकघराची खिडकी आधी घेतली. पूर्ण उंचीचा प्लाय कापून बाहेरून लावून पाहिला, छान बसला. आत बॅटरीच्या उजेडात आत्या चुलीशी बसल्या होत्या. गॅसचा सिलिंडर संपला होता आणि रस्ता बंद असल्याने नवा येणार नव्हता. त्यांनी प्लायकडे पाहिले आणि म्हणाल्या, "साहेब, समदं बंद केलंत, मंग धूर कुठनं जायाचा?"

मी म्हणालो, "आत्या, कौलांच्या फटींतून जाईल की."

त्यांनी नुसते वर बोट केले. वर ताडपत्री होती.

कौलारू घराचा धूर कौलांच्या सांध्यांतून झिरपत जातो, आणि तोच मार्ग आदल्या दिवशी शेजाऱ्यांच्या ताडपत्रीने बंद झाला होता. आता खिडकीही बंद केली असती तर त्या खोलीला दाराशिवाय वाट उरली नसती, आणि पावसात, रात्री, एकटी बाई ते दारही लावूनच घेणार. धुराने डोळे तरी चुरचुरतात, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. रिकामे घर बंद करताना हा प्रश्नच उद्भवत नाही, म्हणून तो माझ्या डोक्यात आला नव्हता. प्लाय उतरवला, वरून नऊ इंच कापला, त्या मोकळ्या पट्टीला उंदीर-पाखरांसाठी बारीक जाळी लावली आणि कापलेल्या तुकड्याचीच बाहेर तिरकी टोपी केली. दक्षिणेला एरवी झड नसल्यामुळे एवढा आडोसा पुरेसा होता. चूल पेटवून, ओले सरपण मुद्दाम घालून पाहिले. धूर आढ्याशी जमला, घुटमळला आणि टोपीखालून बाहेर पडू लागला. मगच नट आवळले.

मागचे दार दुसऱ्या दिवशी घेतले. त्या दिवशी वटपौर्णिमा होती. गावाच्या वाटेवर एक वड आडवा झाला होता आणि बायकांनी त्या पडलेल्या वडालाच सूत गुंडाळून पूजा केली होती, त्यामुळे त्याच्या फांद्या तोडायचे काम दुपारपर्यंत थांबले. दाराबाबत माझा पहिला बेत प्लाय ठोकून ते बंदच करून टाकण्याचा होता. नानांनी विचारले, पुढच्या दारी साप आला किंवा चुलीची ठिणगी उडाली तर आत्यांनी जायचे कुठून? घराला दोनच दारे. मग दाराच्या दोन्ही बाजूंच्या भिंती चाचपताना अडसराची बिळे सापडली : एका बाजूला वीतभर, दुसऱ्या बाजूला हात कोपरापर्यंत जाईल इतके खोल. अडसर त्या खोल बिळात सरकवून ठेवायचा आणि रात्री ओढून समोरच्या बिळात घालायचा, अशी ती जुनी सोय. बिळांत कुंभारमाशीची घरटी आणि चिंध्या होत्या, त्या सळईने उकरून काढल्या. मूळ अडसर गोठ्यात गव्हाणीला आडवा लावलेला मिळाला. फाटक्या दाराच्या धड राहिलेल्या फळ्यांवर आतून प्लाय स्क्रूने जोडला, खालची बिजागरी शाबूत होती, वरची एका वीत खाली नव्या जागी बसवली, आणि बंद करण्याचे काम अडसरावर सोपवले. बाहेरून माणूस खांद्याने रेटला तरी दार हलत नाही. आतून आत्या एका हाताने अडसर सरकवतात आणि बाहेर येतात.

कोठीच्या खिडकीत माझी दुसरी चूक झाली. तिथे भाताचे बियाणे होते, इंद्रायणीची तीन पोती. जून उजाडलेला, राबावर, म्हणजे भाताची रोपे करायच्या वाफ्यावर, पेरणी आठवड्यावर आलेली. फुटलेल्या काचा एका पोत्यात पडल्या होत्या, त्या आत्यांनी आधी सूप आणि मग चाळणी घेऊन अंगणात दोन तास निवडल्या. चौकटीत अडकलेले काचांचे दाते आम्ही गोणपाट धरून पक्कडने एकेक काढले. बियाणे भिजू नये या काळजीपोटी मी या खिडकीचा प्लाय गजांतून आवळलाच, शिवाय चारही कडा सिलिकॉनने सीलबंद केल्या. काम देखणे झाले. सहा तारखेला सकाळी आम्ही परतलो.

दहा तारखेला पुन्हा गेलो तेव्हा कोठीचे दार उघडताच उबट वास आला. दगडाच्या ओबडधोबड भिंतीवरून ओघळणारे पाणी वरच्या कडेच्या एका फटीतून प्लायच्या मागे शिरले होते. खाली सिलिकॉनचा बांध असल्यामुळे ते बाहेर न पडता खिडकीच्या तळाशी साचले आणि तिथून आत भिंतीने उतरून एका पोत्याच्या बुडाशी गेले. खोलीत वारा खेळत नसल्याने बाकीची दोन पोतीही हाताला कोमट लागत होती. एका पोत्याच्या तळच्या दाण्यांना मोड फुटू लागले होते. ते आत्यांनी सरळ राबात नेऊन टाकले आणि मला काही बोलल्या नाहीत. ते जास्त लागले.

दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. खालची कड पूर्ण मोकळी केली, प्लाय तळाशी अर्धा इंच सुटा राहील असा वर घेतला, म्हणजे आलेले पाणी ठिबकून बाहेर जाते. बाजूंचे सिलिकॉन खरवडून तिथे ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या दाबल्या. ट्यूब दगडाच्या उंचवट्यांप्रमाणे वाकते, सिलिकॉन ओल्या मातकट दगडाला नीट चिकटतच नाही. वरच्या कडेला पत्र्याची पट्टी भिंतीच्या सांध्यात खोचून प्लायवर वाकवली. प्लायमध्ये वर आणि खाली दोन-दोन भोके पाडून त्यांना जाळी लावली. पाणी वरून अडवायचे आणि खालून सोडायचे, हे छपरावर पन्हाळ लावणाऱ्या माणसाला सांगावे लागत नाही. मला प्लायच्या चकचकीत पृष्ठभागाने ते विसरायला लावले. दुसऱ्याच दिवशी, 11 जूनला, मोसमी पाऊस राज्यात दाखल झाला.

या सगळ्यात पंचनाम्याचा विषय राहिला. नैसर्गिक आपत्तीच्या मदतीसाठी घराची अंशतः पडझड निदान 15 टक्के असावी लागते आणि ती तलाठी, ग्रामसेवक प्रत्यक्ष येऊन नोंदवतात. शेकडो घरे एकाच दिवशी पडल्यावर ते पहिल्याच दिवशी येणे शक्य नसते. ते आठ तारखेला आले, तेव्हा दक्षिणेची भिंत बाहेरून नीटनेटकी बंद दिसत होती. मोडलेली झडप पाहू म्हणाले तर ती नव्हती. सरपण ओले झाल्यामुळे आत्यांनी ती चुलीत घातली होती, आणि सागवानाला आच चांगली लागते असेही त्यांना सांगितले. सुदैवाने प्लाय लावण्यापूर्वी मी मोबाइलवर प्रत्येक खिडकीचे आतून आणि बाहेरून फोटो घेतले होते, मोडलेली झडप चौकटीला टेकवून आणि मोजपट्टी लावून. ही सवय शहरातल्या विम्याच्या कामांतून लागलेली. ते फोटो तलाठ्यांनी पाहिले आणि नोंद केली. पुढे मदत मंजूर झाली, पण तिचा मुख्य आधार छपराचे नुकसान हा होता. खिडक्या-दारे टक्केवारीत फारशी भरत नाहीत. तरीही यानंतर मी घरमालकांना मोडकी झडप, बिजागरी, काचेचा मोठा तुकडा एका पोत्यात बांधून त्यावर तारीख लिहून ठेवायला सांगतो, आणि ते पोते चुलीपासून लांब ठेवायला.

पंधरा दिवसांसाठी लावलेले प्लाय दिवाळीपर्यंत राहिले. तात्पुरत्या कामाचे असेच होते, त्यामुळे माल निवडताना मी आता निदान एक पावसाळा धरतो. सेंट्रिंगचे प्लाय ओल्या काँक्रीटसाठीच बनवलेले असल्याने मुळशीच्या पावसात धड राहिले. पिरंगुटला घेतलेला कमर्शियल प्लाय, ज्याचा डिंक फक्त दमटपणा सोसतो, संततधार सोसत नाही, तो श्रावणातच फुगला आणि त्याचे पदर पुस्तकाच्या पानांसारखे सुटले. माळ्याच्या झरोक्यावर मग नानांनी पत्रा मारला.

नोव्हेंबरमध्ये आम्ही नव्या झडपा घेऊन गेलो. आतले नट पान्याच्या दोन फेऱ्यांत सुटले, कारण लावताना त्यांना ग्रीस लावले होते. कोठीच्या चौकटीवर पट्टीचा फिकट वळ सोडला तर काही खूण नव्हती आणि जुन्या बिजागऱ्यांच्या जागीच नव्या बसल्या. मागच्या दारालाही नवी फळी केली होती, तिला नानांनी कडी-कोयंडा बसवला, तेव्हा आत्या म्हणाल्या, कोयंडा राहू द्या, पण अडसराचे बीळ बुजवू नका. स्वयंपाकघराच्या नव्या झडपेच्या वर नऊ इंचांची जाळी आणि टोपी त्यांनी कायमची ठेवून घेतली. उतरवलेल्या प्लायचे ताव मी परत नेणार होतो, पण तोवर त्यांतल्या दोनांखाली शेळ्या बसल्या होत्या.